साहेब, तुम्ही शोधता तिथंच आम्हालाही शोधू द्या

प्रति,
मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचची रजिस्ट्री,
हायकोर्टात कॉम्प्युटरायझेशनचं काम बघणारी मंडळी,
आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथले सगळे वकील बंधू-भगिनी

सविनय नमस्कार,

१८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट बेंचचं काम सुरू झालं, चाळीस वर्षांचं आंदोलन एकदाचं फळाला आलं, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर फायली उशाला घेऊन मुंबईला जाणं संपलं, सगळं मान्य. पण तेव्हापासून बाररूममध्ये चर्चा कशाची ऐकतोय तर पार्किंगची, चेंबरची, सोलापूरहून आलेल्या पक्षकारानं मुक्काम कुठं करायचा याची, आणि भाऊसिंगजी रोडच्या ट्रॅफिकची तर रोजच. ज्याच्या जोरावर केस जिंकते किंवा हरते तो कायदा शोधायचा कुठं, कशात, आणि कुणाच्या पैशानं, यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे पत्र.

मागणं दोनच गोष्टींचं आहे, आधीच सांगून टाकतो. पहिली, जजसाहेब केस लॉ, म्हणजे आधीच्या निकालांतून ठरलेला कायदा, ज्या डेटाबेसमध्ये शोधतात तोच डेटाबेस समोरच्या दोन्ही वकिलांना आणि ज्याला वकील परवडत नाही त्या पक्षकारालाही फुकट आणि जसाच्या तसा बघायला मिळावा. दुसरी, साहेबांना स्वतःच्या शोधात असा एखादा निकाल सापडला जो आर्ग्युमेंटमध्ये कुणीच दाखवला नव्हता आणि त्यावर जजमेंट उभं राहणार असेल, तर सही व्हायच्या आधी तो दोन्ही बाजूंना दाखवावा. बाकीचं पत्र म्हणजे हे का मागतोय त्याची कारणं, कामाची घाई असेल तर इथं थांबलात तरी चालेल.

पूर्वी ऑथॉरिटी, म्हणजे आधारासाठी दाखवायचा जुना निकाल, पुस्तकातच मिळायचा. नागपूरहून येणारे एआयआरचे जाडजूड व्हॉल्यूम, महाराष्ट्र लॉ जर्नल, १८९९ पासूनचा बॉम्बे लॉ रिपोर्टर. ज्या सिनिअरच्या ऑफिसात भिंतभर कपाटं त्यांच्याकडं बाकीच्यांची ये-जा, आणि ज्यांच्याकडं कपाटं नाहीत त्यांनी बारच्या लायब्ररीत आधीच कुणीतरी उचलून नेलेला व्हॉल्यूम शोधत बसायचं. त्या व्यवस्थेतही गरीब-श्रीमंत होतंच, उगाच जुन्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट पक्की होती. पुस्तक कोर्टात आलं की पान सगळ्यांना एकच. 'पान ३१२, परिच्छेद दुसरा, साहेब' असं म्हटलं की साहेबांच्या टेबलावरच्या व्हॉल्यूममध्ये तेच पान, समोरच्या वकिलाच्या हातात तेच पान, तिघांचं बोट एकाच ओळीवर. आता काय होतं बघा. साहेबांच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर, सिनिअरच्या लॅपटॉपवर वर्षाची फी भरलेलं दुसरं, ज्युनिअरच्या मोबाईलवर फुकटची साइट, आणि पक्षकाराच्या पोराच्या मोबाईलवर चॅटजीपीटी. चौघंही म्हणतात कायदा बघितलाय, आणि चौघांनी बघितलेलं वेगळं.

यानं काय बिघडतं ते एका मॅटरवरून सांगतो. आमच्या भागातल्या एका तालुका कोर्टात वाटपाचा दावा. वडील २००१ ला वारलेले, तीन भाऊ, एक बहीण, जिरायत-बागायत मिळून जमीन, आणि बहिणीनं वडिलोपार्जितमध्ये बरोबरीचा हिस्सा मागितलेला. भावांच्या बाजूनं उभं राहिलेल्या ज्युनिअरनं मोबाईलवर सर्च मारला आणि त्याला सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा प्रकाश विरुद्ध फुलावती मिळाला. त्यात स्वच्छ लिहिलंय की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बापही जिवंत पाहिजे आणि मुलगीही. वडील तर २००१ लाच गेले, म्हणजे दावा संपला. पोरानं पानं प्रिंट केली, पिवळ्या हायलायटरनं ओळी रंगवल्या, आणि एकदम कॉन्फिडन्सनं दिली की ठोकून. समोरचे वकील गोंधळले, तारीख मागितली, मिळाली. मग त्यांनी गावातल्या एका सिनिअरच्या ऑफिसात पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर तोच निकाल उघडला तर नावाशेजारीच खूण, ओव्हररूल्ड, म्हणजे पुढच्या निकालानं मोडीत काढलेला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या केसमध्ये तीन जजच्या बेंचनं सांगितलंय की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही.

आता यात त्या ज्युनिअरला नावं ठेवायचं कारण नाही. त्यानं वाचलेला निकाल खरा होता, सुप्रीम कोर्टाचाच होता, सहीशिक्क्याचा होता. पण निकालाची पीडीएफ ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी जशी असते तशीच कायम राहते, पुढं पाच वर्षांनी तो रद्दबातल झाला म्हणून त्या पानावर काही उगवत नाही. एक्सपायरी न छापलेली गोळी मेडिकलवाल्यानं विकली तर आपण त्याला कोर्टात खेचू, आणि इथं कायद्याच्या गोळ्या बिनतारखेच्या वाटल्या जातायत आणि ज्याच्याकडं पैसे आहेत त्यालाच तेवढी तारीख दिसते.

परत यात महाराष्ट्राची आपली गुंतागुंत आहेच. २२ जून १९९४ पासून राज्याची स्वतःची दुरुस्ती होती, कलम २९-अ, त्यात तेव्हा लग्न न झालेल्या मुलीला हिस्सा. दिल्ली-लखनौमध्ये बसून बनवलेल्या हेडनोटमध्ये, म्हणजे प्रकाशक निकालाच्या वर छापतो त्या सारांशात, असल्या राज्याच्या दुरुस्तीला दोन ओळी मिळाल्या तरी नशीब. तसंच सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, ९-अ चं. ते कलम फक्त आपल्याकडं होतं, ज्युरिसडिक्शनचा, म्हणजे दावा चालवायचा अधिकार या कोर्टाला आहे का हा, मुद्दा आधी ठरवा म्हणून सांगणारं, २०१८ ला काढून टाकलं. त्यावरचे शेकडो जुने निकाल अजून सर्चमध्ये वरच येतात आणि नवख्या माणसाला कळतच नाही की ज्या कलमावर हे सगळं चाललंय ते कलमच आता राहिलेलं नाही.

सरकारनं आणि सुप्रीम कोर्टानं काहीच केलं नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर आलं, सुप्रीम कोर्टाचे १९५० पासूनचे रिपोर्टेड निकाल फुकट, त्याच वर्षी न्यूट्रल सायटेशन आलं. हे न्यूट्रल सायटेशन दिसायला बारकं वाटतं पण फार मोठं काम आहे. '२०२३ आयएनएससी' आणि पुढं नंबर, हे कुठल्याही प्रकाशकाच्या मालकीचं नाही, नाहीतर एकाच निकालाला एआयआरचा एक नंबर, एससीसीचा एक, एससीआरचा एक, आणि ज्युनिअरनं अर्धा दिवस हे तिन्ही एकच आहेत का वेगळे हे जुळवत बसायचं. आपल्या हायकोर्टानंही बीएचसी लावून स्वतःचे नंबर सुरू केले. कोर्टांच्या कॉम्प्युटरायझेशनची जी सरकारी योजना आहे त्या ई-कोर्ट्सचं जजमेंट सर्च पोर्टल आहे. आणि सरकारच्याही आधी, २००८ मध्ये एका माणसानं सुरू केलेल्या इंडियन कानूननं या देशातल्या गरीब वकिलावर जे उपकार केलेत ते मोजता येणार नाहीत, मी तर म्हणेन तालुका कोर्टातला निम्मा युक्तिवाद त्याच साइटवर चालतो.

मग अडतंय कुठं? तर वापरून बघा ना एकदा. पोर्टलवर आधी कॅप्चा. तो ओळखून आत गेलात की निकाल आणि किरकोळ ऑर्डर एकाच ढिगात, 'स्टँड ओव्हर टू', म्हणजे नुसती पुढची तारीख, एवढीच ओळ असलेल्या ऑर्डरींमधून एक कामाचा निकाल वेचायचा. जुन्यातल्या बऱ्याच पीडीएफ म्हणजे नुसते कागदाचे फोटो, त्यात शब्द शोधला तर काय डोंबल सापडणार. आणि १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आल्यावर तर आकड्यांची नुसती खिचडी झालीये. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर क्वॅश म्हणजे रद्द करायची ती पिटिशन. तिच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुनं ४३८ अटकपूर्व जामिनाचं, नवीन ४३८ रिव्हिजनचं. १४४ म्हटलं की आख्ख्या महाराष्ट्राला जमावबंदी आठवते, आता १४४ म्हणजे बायकोपोरांची पोटगी आणि जमावबंदी गेली १६३ ला. सर्चच्या खिडकीत नुसतं '४८२' टाकलं तर मशीनला बिचारीला काय कळणार तुम्हाला क्वॅशिंग पाहिजे का बेल? जुनं कलम आणि नवीन कलम एकमेकांना जोडून देणं हे काही फार मोठं सायन्स नाही, एकदा तक्ता बसवला की झालं, पण फुकटच्या सरकारी साइटवर मला तरी ते दिसलं नाही आणि विकतच्यांनी केव्हाच करून टाकलं.

इथं कुणीतरी म्हणेल की विकतवाले मेहनत करतात, पैसे घेतात, तुमच्या पोटात का दुखतंय. अजिबात दुखत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २००७ मध्येच याची वाटणी करून दिलीये. निकालाचा मूळ मजकूर कुणाच्याही मालकीचा नाही, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ तसं सांगतंच, पण प्रकाशकानं स्वतःचं डोकं लावून केलेली हेडनोट, परिच्छेदांची मांडणी, तळटिपा, ही त्याची मिळकत. बरोबरच आहे. त्यांनी हेडनोट विकाव्यात, पुस्तकं विकावीत, आम्ही घेतोच की. माझा मुद्दा एवढाच की एखादा निकाल आज जिवंत आहे का मेलाय, ही माहिती हेडनोट नव्हे. घटनेच्या कलम १४१ नं सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, म्हणजे आजचा बंधनकारक कायदा कोणता एवढं तरी कोर्टानं स्वतःच्या साइटवर स्वतः सांगायला नको? ते सांगण्याचं काम दुकानदारावर सोडलं की काय होतं त्याची गोष्ट अमेरिकेत घडून गेलीय. तिथल्या न्याय खात्याची ज्युरिस नावाची स्वतःची शोध यंत्रणा होती, १९७० च्या दशकापासूनची, सरकारी वकील त्यावरच काम करायचे. पण आतला केस लॉ पुरवायची वेस्ट ही खाजगी प्रकाशन कंपनी, कराराने. १९९३ मध्ये कंपनीनं करार पुढं चालू ठेवायला नकार दिला आणि वर्ष संपताना ज्युरिसच बंद पडली. यंत्रणा सरकारची, पण डेटा दुसऱ्याचा, म्हणून सरकारलाच आपल्या कोर्टाचे निकाल परत विकत घ्यायची पाळी. याउलट इटलीत त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं, कॅसेशन कोर्टानं, १९७० च्या आसपासच स्वतःचं इलेक्ट्रॉनिक डॉक्युमेंटेशन सेंटर काढलं, इटलज्युरे नावाचा डेटाबेस कोर्टाच्या ताब्यातच ठेवला. कॅनडात २००१ पासून कॅनलिआय आहे, तिथल्या बारच्या सदस्यांच्या फीतून चालतं आणि सगळ्या जनतेला फुकट.

पैसा नाही हे कारण तर सांगूच नका. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ७,२१० कोटी मंजूर केले. त्यात जुनी रेकॉर्ड स्कॅन करायला दोन हजार कोटींच्या वर, आणि एआय, ब्लॉकचेन असल्या पुढच्या टेक्नॉलॉजीला ५३.५७ कोटी. ब्लॉकचेनचं तालुका कोर्टात काय करायचं ते करा बापडे, पण त्यातच 'हा निकाल ओव्हररूल झालाय' अशी एक लाल पट्टी बसेल की नाही?

आता एआयचं. जजसाहेबांसाठी एनआयसीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर खात्यानं, लेग्रा म्हणून टूल बनवलंय, लीगल रिसर्च अॅनालिसिस असिस्टंट, रिसर्चला आणि कागदपत्रं चाळायला मदत करतं. चांगली गोष्ट आहे, एकेका साहेबांच्या बोर्डावर रोज किती मॅटर असतात ते आम्ही बघतोच, त्यांना मदत मिळायलाच पाहिजे. पण मला काळजी वाटते ती याची की या टूलनं साहेबांना काय दाखवलं हे वकिलाला कधीच कळणार नाही. पुस्तक होतं तेव्हा निदान व्हॉल्यूम टेबलावर दिसायचा. आणि मशीन थापा मारतं हे आता कुणी नाकारत नाही. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टासमोर बंगळुरूच्या एका दिवाणी कोर्टाची ऑर्डर आली, तिच्यात आधार म्हणून घेतलेले सुप्रीम कोर्टाचे निकाल अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टानं आयकर खात्याची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, अधिकाऱ्यानं दाखवलेले तीन निकाल कुठंच सापडेनात. आणि हे फक्त फुकटच्या चॅटबॉटचं दुखणं आहे असं समजू नका. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी खास वकिलांसाठी विकली जाणारी, नामांकित कंपन्यांची एआय टूल तपासली तर त्यातल्या चांगल्यातल्या चांगल्यानंही सतरा टक्क्यांच्या वर उत्तरांत चुकीचं किंवा बनावट काहीतरी दिलेलं. केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी पॉलिसीच काढली, मंजूर केलेलीच टूल वापरा आणि निर्णय मशीनवर सोडू नका म्हणून. आपल्याकडंही असं काहीतरी लेखी पाहिजे, आणि ते मराठीत पाहिजे म्हणजे कोर्टातला क्लार्कसुद्धा वाचेल.

मशीन थापा मारत नाही तेव्हाही एक भानगड असते आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या दोघांनी एक अभ्यास छापला. एका मोठ्या दाव्याची चाळीस हजारांच्या आसपास कागदपत्रं कॉम्प्युटरमध्ये घातलेली, वकिलांना सांगितलं शोधा, आणि त्यांना खात्री वाटली पाहिजे की कामाचं पंच्याहत्तर टक्के तरी हाताला लागलं. वकिलांना ती खात्री वाटली. मोजलं तर सापडलेलं निघालं वीस टक्के. कारण काय, तर एकच गोष्ट दहा जणांनी दहा शब्दांत लिहिलेली. आमच्याकडं तर हे रोजचं. बहिणीनं भावाला हक्कसोड लिहून दिली, तेच एका निकालात रिलीज डीड, दुसऱ्यात रिलिंक्विशमेंट, तिसऱ्यात फॅमिली सेटलमेंट, चौथ्यात फॅमिली अरेंजमेंट. एकाच शब्दावर शोधून 'साहेब, या मुद्द्यावर विरोधातला निकालच नाही' म्हणून छातीठोक सांगणारे मी बघितलेत. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर देऊन भागत नाही, शोधायचं कसं हे सांगणारं माणूसही लागतं, त्यावर खाली येतो.

आता दुसरी मागणी, जी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. साहेबांनी स्वतः शोधावं की नाही? शोधावंच. वकिलांनी अर्धवट दाखवलं म्हणून चुकीचा कायदा लावायचा असं थोडंच आहे. पण जिल्ह्यातल्या एका अपिलात मी जे बघितलं ते असं, की दोन्ही वकिलांनी मुदतीच्या मुद्द्यावर आर्ग्युमेंट केलं, चार-चार ऑथॉरिटी दिल्या, आणि जजमेंट आलं ते पाचव्याच निकालावर, जो कुणी दाखवला नव्हता. तो निकाल लागू होता का? वरवर हो. पण फॅक्ट वेगळे होते, तिथं खरेदीखत रजिस्टर होतं, आमच्यात साठेखत, आणि हा फरक सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं मिळाली नाहीत म्हणून पक्षकाराला सेकंड अपील, परत कोर्ट फी, परत वकील फी, परत वर्षं. म्हातारा मला विचारतो, 'वकीलसाहेब, ह्यो निकाल तुमी का दावला न्हाई?' काय सांगायचं त्याला?

फ्रान्सच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १६ आहे, न्यायाधीशानं स्वतःहून काढलेला कायद्याचा मुद्दा, त्यावर दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायला बोलावल्याशिवाय निकालाचा आधार करता येत नाही. आपल्याकडंही दोन्ही बाजू ऐकायच्या हे तत्त्व काही नवीन नाही, फक्त ते साक्षीपुराव्यापुरतं पाळलं जातं आणि कायद्याच्या शोधाला लावायचं राहून जातं. करायला सोपं आहे. मॅटर जजमेंटसाठी क्लोज झालं, साहेबांना काहीतरी सापडलं, सीआयएसमधून, म्हणजे केसची माहिती ठेवणाऱ्या कोर्टाच्या सॉफ्टवेअरमधून, दोन्ही वकिलांना मेसेज, 'अमुक न्यूट्रल सायटेशन, परिच्छेद तमुक, चार दिवसांत एक पानी लेखी म्हणणं द्या.' तारखांचे मेसेज येतात तसाच हा. उशीर होईल म्हणाल तर चार दिवसांचा होईल, सेकंड अपिलाच्या वर्षांपुढं ते काहीच नाही. आणि गंमत म्हणजे ही अट पाळली की खोटा निकाल आपोआप पकडला जातो, कारण हरणाऱ्या बाजूचा वकील तो शोधायला जिवाचं रान करणार आणि सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोर्टाच्या दारात उभा.

मराठीबद्दल थोडं. खालच्या कोर्टांची भाषा मराठी हे १९९८ च्या अधिसूचनेनं ठरलेलं आहे, दावा मराठीत, कैफियत मराठीत, उलटतपास मराठीत, बरीच जजमेंटही मराठीत. पण सर्च करायला गेलं की सगळं इंग्रजी. मराठी निकालातले कित्येक जुन्या फाँटमध्ये टाइप झालेले, कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नाहीच, कसलीतरी चिन्हं आहेत, म्हणून 'वहिवाट' किंवा 'कूळ' असं शोधलं तर उत्तर शून्य. कूळकायद्याच्या ३२-ग वर, म्हणजे कुळानं जमीन विकत घ्यायच्या कलमावर, आपल्या सहा जिल्ह्यांत भरपूर काम झालंय, आणि ते सगळं ज्ञान शोधता न येणाऱ्या फायलीत पडून. यापुढं निदान प्रत्येक जजमेंट युनिकोडमध्येच अपलोड होईल एवढी सक्ती करा, मागचं सवडीनं बदलता येईल.

आणि कोल्हापुरात लगेच करता येण्यासारखं काय, तर बेंचच्या आवारात तळमजल्यावर एक खोली. चार-पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वकील असो नाहीतर पक्षकार, ओळखपत्र दाखवून आत. संध्याकाळी सहाला कुलूप नको, कारण आमचं खरं वाचन बोर्ड संपल्यावरच सुरू होतं. तिथं लायब्ररी सायन्स शिकलेलं आणि कायद्याचं सर्च येणारं एक माणूस बसवा, बदलीवर आलेला कुणीतरी क्लार्क चावी सांभाळायला नको. लॉ कॉलेजची पोरं आहेत इथं, त्यांना इंटर्नशिप म्हणून आळीपाळीनं बसवा, त्यांचंही शिक्षण होईल. आणि तेच लॉगिन बाहेरही द्या. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर या गावात आहे, अशा वाचनालयात कायद्याचं एक टर्मिनल ठेवलं तर भाडेकरूला, पेन्शनवाल्याला आपल्या केसमधला निकाल स्वतः वाचता येईल, त्याला तो लगेच कळेल असं नाही पण वकिलाला दोन प्रश्न तरी विचारेल. आम्हा वकिलांना ते आवडणार नाही, चालायचंच.

शेवटी आमच्या वकील मंडळींना. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. चाळीस निकालांचं कंपायलेशन साहेबांपुढं आपटायचं, त्यातले अडतीस आपण स्वतः वाचलेले नसतात, आणि मग साहेब स्वतः शोधतात म्हणून तक्रार करायची. दोन ऑथॉरिटी द्या, न्यूट्रल सायटेशनसह द्या, परिच्छेद सांगा, आणि हा निकाल आजच्या तारखेला टिकून आहे हे मी तपासलं अशी एक ओळ खाली सहीनिशी लिहा. विरोधातला माहीत असेल तर तोही द्या, तो फिरवून लावायची हिंमत पाहिजे, लपवायची नको. सहाही जिल्ह्यांच्या बारनी ठराव करून हे सुरू केलं तर रजिस्ट्रीला सांगायला आपल्याला तोंड राहील.

ओव्हररूल झालेल्या निकालांची यादी कुठून आणायची असा प्रश्न आला तर सुरुवात आम्ही करून देतो. वाटप, कूळकायदा, मोटार अपघात आणि चेक बाउन्स, आपल्या भागात सगळ्यात जास्त चालणारे हे चार विषय, त्यातले कोणते जुने निकाल आता चालत नाहीत आणि कुठल्या नव्या निकालानं गेले, याची यादी तयार करायला आम्ही काही जण रविवारी बसायला तयार आहोत, मोबदला नको. तपासून घ्यायला रजिस्ट्रीनं एक अधिकारी नेमावा आणि ती बेंचच्या साइटवर कॅप्चा न लावता टाकावी, एवढ्यासाठी वेळ कधी आणि कुणाकडं मागायची ते कळवावं.

आपला विनीत,
दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करणारा एक वकील,
कोल्हापूर